पुलाखालचं वाक्य

१८ जून

पाचवीचा पट २६. शाळा उघडून तीनच दिवस झालेत, निम्म्या पुस्तकांना अजून कव्हरं घालायची आहेत, तरी आज समसंबंधाचे, म्हणजे पहिल्या जोडीतला संबंध ओळखून दुसरी जोडी पुरी करायचे, वीस प्रश्न फळ्यावर घेतले. ही मुलं फेब्रुवारीत शिष्यवृत्तीला बसतील. दुसऱ्या पेपरात ७५ पैकी ५० प्रश्न बुद्धिमत्तेचे, म्हणजे १५० पैकी १०० गुण त्यातच. समसंबंध मुलांना दरवर्षी सोपे वाटतात आणि दरवर्षी तिथेच गुण जातात. यंदा या एकाच घटकामागे वर्षभर लागायचं ठरवलंय. म्हणून ही वही.

'गाय : वासरू :: शेळी : ?' सगळ्यांना आलं. 'चिमणी : घरटे :: घोडा : ?' तेही आलं. चौथीत पाठ केलेल्या याद्या आहेत त्या, घडाघडा येतात. मग यादीबाहेरचा एक दिला. 'सुतार : रंधा :: गवंडी : ?' पर्याय वीट, थापी, भिंत, वाळू. थापी मोजक्यांनीच निवडली. बाकी सगळे वीट नाही तर भिंत. खिडकीजवळच्या मुलाला विचारलं, भिंत का रे? तो म्हणाला, "गवंडी भिंतच बांधतोय की, मॅडम."

त्याचं चुकलं असं म्हणायला जीभ वळेना. गवंडी भिंतच बांधतो. पण त्यानं सुताराकडे आणि रंध्याकडे पाहिलंच नव्हतं. चार शब्दांच्या प्रश्नातले दोनच शब्द वाचले होते.

२१ जून

आमच्या शाळेत आठवीला भाषा शिकवणाऱ्या सरांशी मधल्या सुट्टीत बोलले. ते उपमा अलंकार शिकवत होते. उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म, ही उपमेची चार अंगं. साधारण धर्म सांगितलेलाच नसेल तर ती लुप्तोपमा. सर सहज म्हणाले, "तुमचे समसंबंध म्हणजे लुप्तोपमाच की, मॅडम." घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. प्रश्नात सुतार असतो, रंधा असतो, गवंडी असतो. मधले ठिपके म्हणजे 'जसे–तसे'. ज्या गुणामुळं ही जोडी जमली तो मात्र कुठंच छापलेला नसतो. तो पोरानं शोधायचा, आणि तो कसा शोधायचा हे आम्ही कधी शिकवलेलंच नाही. उत्तरं तपासली, याद्या वाढवत नेल्या.

त्या चार ठिपक्यांची खूण इंग्लंडच्या विल्यम ऑट्रेड या गणितज्ञानं १६३१ च्या पुस्तकात वापरली होती, प्रमाण दाखवायला. म्हणजे ही मुळात गणिताची खूण. त्रैराशिकाशी तिची गाठ घालायची आहे. पुढं बघू.

२५ जून

डेव्हिड हायर्ली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८८ मध्ये विचार मांडायच्या आठ आकृत्यांचा एक संच तयार केला, 'थिंकिंग मॅप्स' नावाचा. त्यातली एक आकृती खास समसंबंधासाठी आहे, 'ब्रिज मॅप'. एक आडवी रेघ. रेघेच्या वर पहिला शब्द, खाली दुसरा. मग रेघ छपरासारखी वर चढून पुन्हा खाली उतरते, आणि पुढच्या सपाट भागावर दुसरी जोडी, तशीच वर-खाली. छपराखाली 'जसे–तसे'. अगदी डावीकडे मोकळी जागा, तिथं दोन्ही जोड्यांना लागू पडणारा संबंध लिहायचा. पूल हवा तितका लांबवता येतो, तिसरी जोडी, चौथी जोडी.

मुलांना सांगितलं, हा आपला आयर्विन. लगेच कळलं. सांगलीला बाजाराला जाताना १९२९ सालचा तो दगडी पूल सगळ्यांनी पाहिलाय, कमानीसुद्धा. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे हिकडं सांगली नि तिकडं सांगलवाडी." हो, तसंच. या काठाला जे आहे ते त्या काठाला नेऊन जुळवायचं.

वर-खाली लिहिल्यामुळं एक गोष्ट न सांगता झाली. 'वासरू : गाय :: करडू : ?' अशी उलटी जोडी आली की मुलं आधी गोंधळायची. आता पिल्लं वरच्या मजल्यावर आणि आया खालच्या, हे डोळ्यांना दिसतं. मजला चुकला की शेजारचाच सांगतो.

२ जुलै

मन खट्टू झालं आज. रविवारी घरी बसून बारा कार्डशीट रंगवली होती. पुलाखाली निळं पाणी, एका तक्त्यावर नाव सुद्धा काढली. वर्ग छान दिसतोय. मुलांनीही वहीत हुबेहूब पूल काढले, स्केचपेननं रंगवले, कुणी पुलावर एसटी काढली. मग नवे दहा प्रश्न दिले, यादीबाहेरचे. चुका पहिल्या दिवशीच्याच. गवंड्याजागी कुंभार आला आणि 'चाक' सोडून 'माठ' निवडला गेला.

वह्या गोळा करून पाहिल्या. २६ पूल आहेत. डावीकडची संबंधाची जागा १९ वह्यांत कोरी, उरलेल्या सातांत मी फळ्यावर लिहिलेलं वाक्य तसंच उतरवलेलं. आकृती काढायला शिकवली आणि विचार राहून गेला. तक्ते मुलांनी करायच्या आधी मी केले, ही चूक माझी. उद्या ते भिंतीवरून उतरवणार.

५ जुलै

आज एक सापडलं, तेवढ्यासाठी हा आठवडा सार्थकी लागला.

आधी मी मुलांना फक्त संबंध तोंडी सांगायला लावला. सुतार नि रंधा, काय संबंध? सगळे एका सुरात, "सुताराचा रंधा." बरं, गवंडी नि भिंत? "गवंड्याची भिंत." आणि तिथंच उमगलं. आपल्या भाषेत चा-ची-चे लावलं की कुठलेही दोन शब्द जोडले जातात. सुताराचा रंधा, सुताराचं टेबल, सुताराचा पोरगा, सुताराची मजुरी. संबंध चार प्रकारचे, प्रत्यय एकच. षष्ठीनं सगळं झाकून टाकलं आणि पोरांना वाटलं, आपल्याला संबंध सापडला.

म्हणून वर्गात नियम केला. पुलाखालच्या, म्हणजे डावीकडच्या संबंधाच्या, वाक्यात चा-ची-चे चालणार नाही. 'शी संबंधित आहे' हेही नाही. क्रियापद पाहिजे, कुणी काय केलं ते कळलं पाहिजे.

खिडकीजवळच्या त्याच मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्यानं लिहिलं, 'सुतार रंधा हातात धरून काम करतो.' मग पुलावरून पलीकडं, 'गवंडी थापी हातात धरून काम करतो.' मी शाबास म्हणणार तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज, "वीटपण हातातच धरतोय!" खरंच की. वाक्य ढिलं होतं. वर्ग गप्प. खडू हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, फळ्याकडं तोंड करून, मिनिटभर तरी. मग तळव्यानं अर्धं वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'काम झाल्यावर सुतार रंधा घरी घेऊन जातो.' आपणच पलीकडची जोडी वाचली. "थापी घरी नेतोय. वीट भिंतीत जाती."

हत्यार आणि कच्चा माल यांतला फरक मी तासभर सांगितला असता तर इतका नीट सांगता आला नसता. त्याचे वडील गवंडीकाम करतात, थापी रोज संध्याकाळी त्याच्या घरी धुतली जाते.

२६ जुलै

पाणी वाढतंय. दोन दिवस शाळेला सुट्टी होती, आज निम्मी मुलं. घराघरात एकच प्रश्न, "आयर्विनला किती?" ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ही मुलं पाच वर्षांची होती. कुणी मामाकडं, कुणी दुसऱ्या गावच्या शाळेत मुक्कामाला. त्यांना ते आठवतंय.

अशा दिवशी धडा पुढं न्यायला मन होत नाही. म्हटलं, पूल काढा, हवा तो. एकीनं काढलं, वर ४० फूट, खाली ४५ फूट. वर पिवळा दिवा, खाली लाल दिवा. वाक्य, 'पहिल्याला तयारी करायची, दुसऱ्याला थांबायचं नाही… निघायचं.' मग तिची तीच थांबली. लाल दिव्याला थांबायचं असतं आणि ४५ फुटांना निघायचं असतं. शेवटी तिनं लिहिलं, 'पहिलं सावध करतं, दुसरं ऐकावंच लागतं.' शेजारणीनं पूल लांबवला. वर 'आई बाळा म्हणते', खाली 'आई आडनावासकट हाक मारते'. सगळा वर्ग हसला, बाहेर पाऊस कोसळत होता.

पाणी उतरेपर्यंत हा पूल फळ्यावर ठेवणार आहे.

१३ ऑगस्ट

गावातली उदाहरणं घ्यावीत म्हणून मी हौसेनं 'कापूस : कापड :: भोपळा : सतार' असा पूल तयार करून नेला. मिरज हाकेच्या अंतरावर, तिथल्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगायचं होतं. वाक्य माझं, 'कापसापासून कापड तयार करतात.'

ज्याच्या आजोळी सतारी करतात तो मुलगा एरवी फारसा बोलत नाही. आज तो उठून उभा राहिला. "मॅडम, हे जमत न्हाई." का? "कापडात कापूस दिसत न्हाई. त्याचं सूत हुतंय, मग कापड. सतारीत भोपळा भोपळाच ऱ्हातोय."

मग त्यानं सांगितलं. भोपळे पंढरपूरकडून येतात, खायचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे. वाळलेला भोपळा कापायचा, आतलं सगळं खरवडून काढायचं. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली बसवायची, दांडी जोडायची. आवाज घुमतो तो भोपळ्यात. हातांनी त्यानं भोपळ्याचा घेर करून दाखवला, एवढा, आणि तो घेर तसाच धरून बोलत राहिला.

पुलाची दुसरी बाजू मग मुलांनीच शोधली. बराच वेळ 'माती : मडकं', 'ऊस : गूळ' येत राहिलं आणि तो नाही नाही म्हणत राहिला. ऊस गुळात राहत नाही. शेवटी एका मुलीनं आणलं, 'करवंटी : डाव'. आतलं काढायचं, वाळवायचं, दांडी लावायची. त्यानं मान डोलावली. माझ्या पुलावर मी काट मारली आणि त्यांचा वहीत उतरवून घेतला.

संध्याकाळी लक्षात आलं की माझाही पूल अगदीच खोटा नव्हता. 'यापासून ते बनवतात' एवढंच म्हटलं तर तो उभा राहतो. वाक्य जितकं ढोबळ तितक्या जास्त जोड्या त्यावर चढतात. परीक्षेत किती नेमकं व्हायचं ते चार पर्याय ठरवतात. दोन पर्याय बसत असतील तर वाक्य आवळायचं, एकही बसत नसेल तर सैल करायचं. मुलांच्या तोंडी आता हेच आहे, "आवळा मॅडम, दोन बसत्यात."

४ सप्टेंबर

परिसर अभ्यासाच्या तासाला हृदयाचं निघालं. पूल फक्त बुद्धिमत्तेच्या तासापुरता राहू नये असं वाटत होतंच. मी विचारायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, "म्हणजे मोटर." नदीकाठची शेतकऱ्यांची पोरं, पंप म्हणायची वेळच आली नाही. पूल झाला, हृदय : रक्त :: मोटर : पाणी. लांबवत गेलो. रक्तवाहिनी नि पाइपलाइन. पायाचं बोट नि शेवटचं वावर.

अशा तुलनेनं काही गोष्टी चुकीच्याही शिकवल्या जातात, म्हणून मी विचारलं, पूल कुठं तुटतो? हा प्रश्न आता प्रत्येक पुलाला विचारायचा असं ठरवलंय. एक म्हणाला, मोटर लाइट गेली की बंद पडती, हृदय न्हाई. दुसरीनं अचूक सांगितलं, रक्त परत हृदयात येतं, पाणी वावरात मुरून जातं, मोटरीकडं येत नाही. वा! धमनी नि शीर यांतला फरक शिकवायची जागा आयतीच मिळाली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरचा म्हणाला, "आमच्यात येतंय." त्यांची जमीन क्षारपड. पाणी जास्त झालं, मीठ वर आलं, पीक येईना, म्हणून वडिलांनी शेतात सच्छिद्र पाइप पुरून निचरा केला. ते पाणी चरीतून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. "आणि मोटर नदीतच हाय की." म्हणजे जातं ते एका पाइपनं, परत येतं दुसऱ्या वाटेनं, आणि येताना क्षार घेऊन येतं. धमन्या न्यायला, शिरा आणायला, आणि आणताना रक्त पेशींतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं. मला खडू खाली ठेवावा लागला. तुटलेला पूल त्यानं निचऱ्याच्या पाइपनं जोडला होता.

१ ऑक्टोबर

प्रमाण पुलावर घेतलं. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, तासगावकडच्या पाहुण्यांमुळं हे बऱ्याच जणांना माहीत. ४ : १ :: २० : ? वाक्य, 'वाळून चौथा हिस्सा उरतो.' उत्तर पाच, सूत्राशिवाय. मग सांगितलं की भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत यालाच त्रैराशिक म्हटलंय. तीन राशी, प्रमाण, फल आणि इच्छा. चौथी काढायची ती इच्छाफल. 'इच्छा' हा शब्द मुलांना फार आवडला. प्रश्नचिन्हाच्या जागेला वर्गात आता 'इच्छाफळ' म्हणतात.

आकृत्यांचे समसंबंधही याच आठवड्यात. त्यात बोलण्यासारखं फार नाही, पुठ्ठ्याचे त्रिकोण-बाण कापून दिले, फिरवा आणि बघा. वाक्याचा नियम तिथेही लागू, 'पाव फेरा उजवीकडं फिरला नि आतला ठिपका गेला.' दोन बदल असतील तर वाक्यात 'नि' यायला हवा. एवढ्यानं काम झालं.

२८ नोव्हेंबर

कारखाने सुरू झाले. गावाबाहेरच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या, शाळेत चार नवी मुलं आली. पाचवीत एक मुलगी, बीडकडची. पट २७. पहिले चार दिवस ती बोललीच नाही. पाचव्या दिवशी समूहदर्शक शब्द चालले होते, केळ्यांचा घड, भाकऱ्यांची चवड, उसाची मोळी. ती हळूच म्हणाली, "कोयत्यांची टोळी." मुलं म्हणाली, कोयते म्हणजे हत्यारं, त्यांची टोळी कशी? तिनं समजावलं, एक कोयता म्हणजे नवरा नि बायको, दोघं मिळून एक.

आज 'पक्षी : घरटे :: माणूस : ?' हा प्रश्न होता, गाइडमधला, शंभरदा येऊन गेलेला. उत्तर 'घर'. तिनं वहीत पूल काढला होता. वर पाखरू, खाली घरटं. वर आमी, खाली कोपी. डावीकडं वाक्य, 'हंगामापुरतं बांधतं आन सोडून जातं.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. पक्षी घरट्यात कायम राहत नाहीत. अंडी घालायला नि पिल्लं वाढवायला ते बांधतात, पिल्लं उडाली की रिकामं. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबतात, पावसाळ्यात गजबज असते आणि दिवाळीनंतर नुसती हलत राहतात. पंधरा वर्षं मी 'घरटं म्हणजे पक्ष्याचं घर' शिकवत आले. पाचटाची ती कोपी, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मोडून जाणारी, घरट्याशी घरापेक्षा खरी जुळते.

वर्गाला मी ते तसंच सांगितलं. परीक्षेत 'घर' हाच पर्याय असेल, त्याला खूण करा, पण पूल हिचा जास्त पक्का आहे. मुलं घरट्यांकडं बघायला खिडकीशी गेली. ती जागेवरच बसून राहिली, पेन्सिलीनं कोपीला दार काढत.

१२ डिसेंबर

मनात बरेच दिवस एक प्रश्न होता. पूल दिसला की मुलं विचार करतात, पण पूल काढून द्यायला कुणी नसेल तेव्हा? मेरी गिक आणि कीथ होलिओक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा १९८० चा एक प्रयोग आहे. एका सेनापतीला गड घ्यायचाय, पण वाटांवर सुरुंग पेरलेत. मोठी फौज गेली तर स्फोट होणार, छोट्या तुकड्या सुखरूप जातील. म्हणून तो फौज वाटून सगळ्या वाटांनी एकाच वेळी पाठवतो. मग कोडं, पोटातली गाठ किरणांनी जाळायची, पण जोराचे किरण वाटेतलं चांगलं मांसही जाळतात. काय करायचं? उत्तर तेच, कमी जोराचे किरण अनेक बाजूंनी. पण नुसती गोष्ट ऐकलेल्यांपैकी बहुतेकांना ती आठवलीच नाही. 'त्या गोष्टीचा उपयोग करा' म्हटल्यावर बहुतेकांना जमलं. १९८३ मध्ये त्यांनी आकृती देऊन पाहिली. एका गोष्टीसोबत आकृतीचा फारसा फायदा झाला नाही. दोन गोष्टींसोबत तीच आकृती दिली तेव्हा झाला.

२ जुलैचे माझे बारा तक्ते आठवले.

आज वर्गात करून पाहिलं, गड आपला नि मावळे आपले. दुसरी गोष्ट आमच्याच वस्तीवरची, ओढ्यापलीकडं आग लागली, साकव मोडका, मोठं पिंप नेता येईना, म्हणून घागरी घेऊन बायका चारी बाजूंनी धावल्या. दोन्ही गोष्टी पुलाच्या दोन काठांवर मुलांनीच मांडल्या. मावळ्यांखाली घागरी, वाटांखाली वाटा. वाक्य बनवायला वीस मिनिटं लागली, 'जे एकदम नेता येत नाही ते थोडं थोडं सगळीकडून नेलं.' मग किरणांचं कोडं टाकलं, गोष्टींचा उल्लेख न करता. काहींना नाहीच आलं. पण पाच-सहा हात वर झाले, आणि त्यातला एक सतारवाल्याचा.

९ जानेवारी

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे मांडायला सांगितलं होतं. एका शिक्षकांनी विचारलं, परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, पूल काढत कधी बसणार? रास्त प्रश्न आहे. माझी मुलं आता पूल काढत नाहीत. ओठ हलताना दिसतात, वाक्य म्हणतात नि गोल काळा करतात. ज्यांना अडतं ते कच्च्या कामाच्या जागेत एक छप्पर मारतात. अजूनही चार जणांना अडतं, वाचनच कच्चं आहे त्यांचं. शब्द कळला नाही तर संबंध कुठून कळणार. त्यांच्यासाठी चित्रांची कार्डं केलीत, रोज खिचडीनंतर पंधरा मिनिटं बसतो.

२२ जानेवारी

प्रश्न आता मुलं तयार करतात. एका बाकानं करायचा, दुसऱ्यानं सोडवायचा, दोन उत्तरं निघाली तर परत. आजच्या एका प्रश्नावर अख्खा तास गेला.

'पेव : हळद :: ? : पाणी.' हरिपूरला आत्या असलेल्या मुलीचा प्रश्न. पेव म्हणजे जमिनीत खणलेला कोठार, तोंड अरुंद, आत ऐसपैस. हळद भरून तोंड लिंपून टाकतात, हवा कोंडते, किडा लागत नाही. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, गुदमरायला होतं. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं वाया गेली, हेही तिनं सांगितलं.

पहिलं उत्तर आलं विहीर. तिनं वाक्य वाचलं, 'जमिनीखाली साठवून ठेवतात.' मागून आवाज, विहिरीत पाणी आपण कुठं ठेवतो, ते झऱ्यानं येतं. बरोबर, विहीर गेली. धरण? जमिनीखाली नाही. टाकी? ती तर गच्चीवर. "आमची अंगणात पुरलेली हाय," एकजण. पुरलेली टाकी बसते की. पण प्रश्नवालीला ते पटेना, टाकी विकत आणतात, पेव खणतात. वाक्य आवळलं, 'जमिनीत खणून त्यात साठवतात.' शेततळं? त्याचं तोंड केवढं रुंद, ते झाकत नाहीत. परत शांतता.

बीडची मुलगी म्हणाली, "आमच्याकडं टँकरचं पाणी आडात ओततात, उन्हाळ्यात." आड खणलेला, तोंड अरुंद, पाणी बाहेरून आणून ओतलेलं. वर्गात कुजबुज झाली. आणि त्याच वेळी खिडकीजवळचा उठला, सहलीला गडावर गेला होता तो. "टाकं! खडकात खोदलेलं. पावसाचं पाणी साठवत्यात, वर्षभर."

आड की टाकं, यावर घंटा झाली. दोघंही फळ्यापाशी. तिनं आपलं वाक्य लिहिलं, त्यानं त्याखाली आपलं, आणि प्रश्नवाली मुलगी खडू हातात घेऊन मधे उभी राहून दोन्ही वाक्यांतले शब्द एकेक करून पेवावर लावून बघत होती.